चाळिसावरचा काटा

गाडी बंद होती, किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला लटकत होती, आणि तरीही ऑइल प्रेशरचा काटा चाळिसावर उभा होता. डॅशबोर्ड पुसता पुसता काटासाहेबांचा हात थांबला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. काटा जागचा हलला नाही.

बत्तीस वर्षं त्यांनी वजनमापं तपासायची नोकरी केली होती. खऱ्या तराजूला शिक्का मारायचा आणि खोट्या तराजूचा शिक्का दुकानदाराच्या डोळ्यांदेखत मोडायचा. काटा मारणारा माणूस त्यांना नुसत्या त्याच्या घाईवरून ओळखू यायचा. म्हणून लोक त्यांना काटासाहेब म्हणत. नोकरी संपली, नाव राहिलं. आणि आता त्यांच्याच गाडीतला काटा, इंजिन थंडगार असताना, चाळीस दाखवत होता.

इंजिनात तेल फिरतंय की नाही हे सांगणारा गाडीत तेवढाच एक साक्षीदार. तेल फिरलं नाही तर इंजिन भर रस्त्यात जाम होणार. आणि अकरा वाजता मुलीला आणि तिच्या चार दिवसांच्या बाळाला दवाखान्यातून घरी आणायचं होतं. मुलीने बजावलं होतं की ती स्वतः जन्मली तेव्हा ज्या गाडीतून घरी आली, त्याच गाडीतून तिचं बाळ येईल. दुसरी गाडी बोलवाल तर मी इथेच राहते, असंही म्हणाली होती, आणि ती वडिलांवर गेली होती.

बायको बाळाची दुपटी मागच्या सीटवर ठेवायला आली, तेव्हा त्यांनी तिला काट्याचं सांगितलं.

"चाळिसावर आहे ना? मग चांगलंच आहे की," ती म्हणाली आणि घाईने आत गेली. काटासाहेबांचं सगळं लक्ष काट्याकडे होतं.

त्यांनी काचेवर टिचकी मारली. इंजिन सुरू केलं, बंद केलं. चाळीस, चाळीस. कधीपासून असं असेल, ते त्यांना आठवेना. विश्वासाचं असंच असतं. तो एकदा बसला की माणूस निर्धास्त होतो आणि ज्याच्यावर बसला त्याच्याकडे बघायचं सोडून देतो.

इंजिनातून एक बारीक तांब्याची नळी डायलच्या पाठीशी येत होती. तेल तिथपर्यंत पोचतंय का, एवढंच बघावं म्हणून त्यांनी पान्याने नळीची चाकी जराशी ढिली केली, वाकून नळीशी तोंड नेलं आणि हात लांब करून इंजिन सुरू केलं. तेल पोचत होतं. ते सदऱ्यावर पोचलं, चष्म्यावर पोचलं आणि चारांपैकी दोन दुपट्यांवरही पोचलं. आयुष्यभर त्यांनी डोळ्यांत तेल घालून चाकरी केली होती, पण ती म्हणण्यापुरती. देवाची करुणा की तेल अजून तापलं नव्हतं. इंजिन बंद करून, निथळत्या मिशीने, सुटून आलेली नळी हातात धरून त्यांनी डायलकडे पाहिलं.

चाळीस.

कोपऱ्यावरच्या गॅरेजचा मिस्त्री आला. त्याने साहेबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि ऑइल गाडीत घालायचं असतं, एवढंच गंभीरपणे सांगितलं. मग त्याने स्वतःचं मीटर त्या नळीला जोडून इंजिन चालवलं. सुरुवातीला साठ, तापल्यावर रेस दिली की चाळीस, आणि रेस सोडली की पंधरा.

"गाडी ठणठणीत आहे, साहेब. उभी असली की काटा पंधरावर येतो, तो येणारच. चालणारा माणूस बसला की त्याची धाप उतरते, तसं."

मग त्याने डायलच्या काचेचं ढिलं कडं नखाने उचललं, आणि बॅटरीचा उजेड आत पाडला.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "इथे कुणीतरी काटा मारलाय."

काट्याच्या टोकाशी डाळिंबी नेलपॉलिशचा एक थेंब वाळून दगड झाला होता. घरातल्या प्रत्येक किल्लीवर, प्रत्येक डब्याच्या झाकणावर ओळखीसाठी तसाच ठिपका होता. काटासाहेबांच्या अंगावर सर्रकन काटा आला. बायको धुतलेली दुपटी घेऊन दारात उभी होती.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"आई गेली, त्याच्या पुढच्या आठवड्यात."

पुढचं तिला सांगावं लागलं नाही. सहा वर्षांपूर्वी तिच्या आजारी आईला भेटायला ते निघाले होते. दर थांब्याला काटा पडायचा, ते गाडी बाजूला घ्यायचे, बॉनेट उघडायचे, इंजिन निवेपर्यंत थांबायचे. असे पाच वेळा थांबले. पोचले तेव्हा म्हातारीला जाऊन तास झाला होता. बायको त्यावर कधी चकार शब्द बोलली नव्हती. तिने फक्त काटा मारला होता.

मिस्त्रीने काय करू म्हणून विचारलं. नियम तो नियम. "मोडा," काटासाहेब म्हणाले. सुईच्या टोकाने थेंब सुटला आणि सहा वर्षं ताटकळलेला काटा शून्यावर जाऊन पडला.

"मग आज बाळाला घेऊन किती ठिकाणी थांबायचं, ते आत्ताच सांगा," बायको दुपटी झटकत म्हणाली. "म्हणजे तेवढी दुपटी घेते."

मिस्त्री नळी पुन्हा जोडत होता, तोवर काटासाहेब सदरा बदलून आले. येताना बायकोच्या शिवणाच्या डब्यापाशी जरा घुटमळले.

दवाखान्यातून निघाले तेव्हा मुलगी बाळाला घेऊन मागे बसली आणि बायको पुढे. आजवर त्या डायलकडे ढुंकूनही न बघणारी बाई आता पापणी लववत नव्हती. पहिल्या सिग्नलला काटा उतरला.

"अहो, पंधरा."

"असू दे."

दुसऱ्या सिग्नलला ती म्हणाली, "पुन्हा आला. बाजूला घ्या."

"आई, आता तू सुरू झालीस?" मुलगी मागून म्हणाली.

तिसऱ्या सिग्नलनंतर काटासाहेबांनी खरंच गाडी बाजूला घेतली. बायकोचा चेहरा पडला, अगदी त्या दिवशीसारखा. पण ते बॉनेट उघडायला उतरले नाहीत. त्यांनी खिशातून डाळिंबी बाटली काढून तिच्या हातात दिली.

"शिक्का तुझा आहे, तूच मार. मी रस्त्याकडे बघतो."

तिने काट्याकडे पाहिलं, मागे वळून बाळाकडे पाहिलं. मग झाकण उघडून पुढे वाकली. काचेचं कडं तिने उचललं नाही. बाहेरूनच, बरोबर पंधराच्या आकड्यावर, तिने काचेवर एक ठिपका दिला.

"इथवर आला तर चालतं, असं मिस्त्री म्हणाले ना," ती म्हणाली. "आता कुणी घाबरायचं नाही."

घर येईपर्यंत काटा चार वेळा त्या ठिपक्यापाशी आला आणि चार वेळा आपणहून वर गेला. सिग्नल सोडले तर गाडी कुठेच थांबली नाही. काटासाहेबांनी एकदाच, दारात हँडब्रेक ओढल्यावर, त्या ठिपक्याकडे नीट बघून घेतलं. बत्तीस वर्षांत इतका सरळ शिक्का त्यांना स्वतःला कधी जमला नव्हता.