दहा मिनिटं उकळलेलं औषध

शिंपीकाकांच्या बोटांना चार महिने इसब झालं होतं. कातडी फुटायची, रक्त यायचं आणि ते नेमकं पांढऱ्या शर्टावर उतरायचं. शेवटी कारखान्याच्या मालकाने महिन्याची मुदत दिली. हात बरे करा, नाहीतर मशीन सोडून इस्त्रीच्या टेबलावर जा. तीस वर्षं कॉलर बसवणाऱ्या माणसाला हे फार लागलं.

मलम चालूच होतं. त्वचेच्या डॉक्टरांनी आता जोडीला प्रोबायोटिकच्या पुड्या दिल्या. यात चांगले जिवंत जंतू असतात, गुण येईलच असं नाही, पण महिनाभर बघू, असं ते म्हणाले.

काकूंचा चेहरा पडला. त्या बावीस वर्षं रुग्णालयात ऑपरेशनची अवजारं निर्जंतुक करत होत्या. जंतू चांगला असतो हे त्यांना पटवणं म्हणजे पोलिसाला चोर जावई म्हणून सुचवण्यासारखं होतं.

पुड्या फ्रिजमध्ये ठेवायच्या होत्या. काकूंनी त्या डब्यात, डबा पातेल्यात आणि पातेलं दुधापासून लांब ठेवलं. तरी मन मानेना. नवऱ्याचे हात तर बरे व्हायला हवेत, पण घरात जंतू नकोत. मग त्यांनी त्यांच्या परीने मार्ग काढला. रोज सकाळी पुडी पाण्यात टाकायची, दहा मिनिटं खळखळून उकळायची आणि गाळून काकांना द्यायची. काका मुकाट्याने प्यायचे. संसार त्यांनी असाच केला होता.

एवढ्यावर भागलं नाही. एखादा जंतू वाचून काकांच्या हातून भांड्यांना लागला तर? म्हणून काकूंनी त्यांना भांड्यांना हात लावायची बंदी केली.

महिन्याने डॉक्टरांनी बोटं उलटसुलट करून पाहिली. नवी कातडी आली होती. पुड्या लागू पडल्या, असं म्हणून ते खूश झाले. काकूंना खोटं बोलता येत नसे. त्यांनी उकळण्याचं सांगून टाकलं.

"अहो, मग त्यातला एकही जगला नसेल."

"तेच तर हवं होतं," काकू म्हणाल्या.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि महिन्यात आणखी काय बदललं ते विचारलं. काका जरा घुटमळले.

"भांडी घासली नाहीत. महिनाभर हीच घासतेय. एरवी मीच घासतो. कडक साबणाने, तीन-तीनदा. हिची तशी शिस्त आहे."

काकूंना मनापासून वाईट वाटलं. चार महिने त्या मशीनच्या तेलाला बोल लावत होत्या.

"मी भांडी घासायची नाहीत, असं लिहून द्या," काका हळूच म्हणाले. "खाली शिक्काही मारा."

डॉक्टरांनी लिहिलं, शिक्का मारला आणि कागद काकूंच्या पुढे धरला. काकूंनी तो घेतला नाही. त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले होते.

"बघू तुमची बोटं," डॉक्टर म्हणाले.