सदतीस घरांची पोच

पत्र मिळाल्यापासून सातव्या दिवशी, मंगळवारी सकाळी सव्वादहाला, मिळकत क्रमांक ४१७ हे घर उत्तर द्यायला स्वतः अरविंद डुबलांच्या ऑफिसवर आलं. दारातून आत जाता येणार नाही हे त्याच्या लगेच लक्षात आलं, म्हणून ते बाहेरच्या मोकळ्या मैदानात गेटासकट उभं राहिलं आणि निरोप पाठवला.

निरोप आणला कुंदाताईंनी. त्या ऑफिसात पाकिटं डकवायचं आणि टपाल टाकायचं काम बघत. "साहेब, शिक्षक कॉलनीतलं घर आलंय," त्या म्हणाल्या. "बैठं आहे. ब्याऐंशी सालचं वाटतंय."

डुबलांनी पेनाला टोपण लावलं. पत्राला उत्तर यावं म्हणूनच त्यांनी पत्रं लिहिली होती. फक्त उत्तर मालकाकडून येईल असा त्यांचा अंदाज होता.

त्यांचा धंदा तसा सरळ होता. ज्याचं घर बंद पडलंय अशा मालकाला गाठायचं, स्वस्तात साठेखत करून घ्यायचं, आणि घर ताब्यात येण्याआधीच तो कागद जास्त भावाने दुसऱ्याच्या नावे फिरवायचा. पुण्याच्या एका दिवसाच्या शिबिरात त्यांना सांगितलं होतं की छापील पत्रं लोक रद्दीत टाकतात, हाताने लिहिलेलं मात्र फोडतात. डुबलांचं अक्षर लहानपणापासून वळणदार. कोळशाने भिंतीवर गिरवून कमावलेलं. दोन महिने बसून त्यांनी पिवळ्या कागदावर सदतीस पत्रं लिहिली, एकही खाडाखोड न करता. मजकूर सगळ्यांना एकच होता.

शिबिरात आणखी एक गोष्ट सांगितली होती : मालक जिथे राहतो तिथे पत्र पाठवा. पण डुबलांच्या हाती आलेल्या बंद मिळकतींच्या यादीत फक्त क्रमांक आणि रस्ता होता. मालक शोधत बसायला वेळ नव्हता. त्यांनी पत्रं त्या बंद घरांच्याच पत्त्यावर टाकली. पोस्टमनने ती दाराखालून आत सरकवली. आत घराशिवाय कोणी नव्हतं. तेव्हा ती घरांनी वाचली, यात घरांची काही चूक म्हणता येत नाही.

डुबल बाहेर गेले आणि ४१७ च्या पायरीसमोर उभे राहिले.

घर समोरच्या दारातून बोलत होतं, सावकाश, बऱ्याच दिवसांत बोलायची सवय नसल्यासारखं. आधी त्याने पत्राबद्दल आभार मानले. मग विचारलं, "तुम्ही लिहिलंय, माझ्यावरून जाताना दरवेळी दोन मिनिटं थांबता. नेमकं कुठे थांबता? शेवग्याकडच्या बाजूला, की गेटासमोर?"

डुबल कधीही शिक्षक कॉलनीत गेले नव्हते.

"गेटासमोर," ते म्हणाले.

"कधी?"

"सकाळी. फिरायला जाताना."

"मग माझंच लक्ष नसेल," ते म्हणालं. "सकाळी ऊन डोळ्यावर येतं माझ्या."

त्याने विश्वास ठेवला होता. डुबलांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आता हे निघून जाईल आणि विषय संपेल, असं ते मनाशी म्हणत होते, तेवढ्यात मैदानाच्या दुसऱ्या टोकाने मिळकत क्रमांक ८८ आली. दुमजली होती, अंगावर टीव्हीच्या अँटेनाची जुनी काडी. तिच्याही दारात तेच पिवळं पत्र होतं. दोन्ही घरांनी आपापली पत्रं शेजारी धरली.

४१७ ने विचारलं, "यांच्याकडेही सकाळीच थांबता?"

डुबल मैदानाच्या टोकाकडे पाहू लागले. तिथून तिसरं घर येत होतं.

बारापर्यंत सगळं मैदान भरलं. वाहतूक हवालदार पिसाळ मोटरसायकल बाजूला लावून चालत आले. घरं कुणी बोलावली, हे त्यांनी विचारलं. डुबल म्हणाले, मी.

"बोलवायचं तर एकेकाला बोलवायचं," पिसाळ म्हणाले. "बैठी पुढं घ्या, दुमजली मागं. मागच्यांना वारा लागंना." नियम त्यांना तोंडपाठ होता. घराला सूर्य मावळेपर्यंत जागा सोडता येते. तोवर पत्र पाठवणाऱ्याने प्रत्येकाचं ऐकून घ्यायचं आणि सहीनिशी पोच द्यायची. "न्हाईतर मला पंचनामा करावा लागंल. सदतीस पंचनामे मी करणार न्हाई, डुबल. तुमच्याकडनंच लिहून घीन."

कुंदाताईंनी नवीन वही काढली, पोचेची नक्कल फाडून देता यावी म्हणून कार्बन घातला आणि पट्टीने रकाने आखले. मिळकत क्रमांक. पत्रात काय लिहिलं. खरं काय. पाठवणाऱ्याची सही. मालकाची सही, हजर असल्यास. शेवटचा रकाना रिकामाच राहणार हे त्यांना आणि डुबलांनाही माहीत होतं, पण कुंदाताई कोणताही तक्ता अर्धा आखत नसत.

डुबल खुर्ची घेऊन मैदानात बसले. ४१७ ला सकाळी दिलेलं उत्तर त्यांनी स्वतःच्या हाताने पहिल्या ओळीत लिहिलं; ८८ पासून कुंदाताई लिहू लागल्या. प्रश्न सगळ्यांचा एकच होता आणि उत्तरही एकच. एक घर पोस्टमागचं होतं, त्याच्या छपरात पिंपळ उगवला होता. तो उपटायला कुणी येईल असं पत्रावरून त्याला वाटलं होतं. एकाने आठवडाभर ओसरीतला दिवा चालू ठेवला होता, थांबणाऱ्याला अंधारात दिसावं म्हणून. डुबल प्रत्येकाला म्हणत होते, मी थांबलो नाही. मी आलोच नाही. तुम्हाला पाहिलंसुद्धा नाही. आणि सही करत होते.

नवव्या घरानंतर कुंदाताईंनी मान वर न करता विचारलं, "खाली 'वरीलप्रमाणे' लिहीत जाऊ का साहेब? शाई वाचेल."

२१२ नंबरच्या घराला ते ऐकू गेलं. "माझं पूर्ण लिहा," ते म्हणालं. "पत्र पूर्ण होतं."

मग सगळ्यांचं पूर्ण लिहिलं गेलं.

चार वाजता डुबल उठले आणि बाजूला उभ्या असलेल्या ४१७ कडे गेले. त्याच्या नोंदीत "सकाळी, गेटासमोर" असं होतं. त्यांनी ते खोडलं. त्यांच्या अक्षरातली ती गेल्या दोन महिन्यांतली पहिली खाडाखोड.

"मी थांबत नव्हतो," ते म्हणाले.

"गुरुवारपासून मी गेटाची कडी काढून ठेवली होती," ४१७ म्हणालं. रागाने नव्हे; माहिती म्हणून. पोच घेऊन ते निघालं. जाताना गेट वाजत होतं.

सव्वापाचला रांगेत एकच घर उरलं. मिळकत क्रमांक ११६३. कुंदाताईंनी क्रमांक वाचला आणि डुबलांनी सवयीने बोलायला सुरुवात केली, मी थांबलो नाही, मी आलोच... आणि मग वर पाहिलं.

दोन खोल्या. वर पत्रे. खिडकीचा तिसरा गज वाकलेला. तो त्यांनीच वाकवला होता, सातवीत असताना, बाहेर पडलेला चेंडू काठीने ओढून घेताना. साखर कारखान्याच्या वसाहतीतलं हे घर त्यांच्या वडिलांचं. वडील फिटर होते. ते गेल्यावर आठ वर्षांपूर्वी डुबलांनी कुलूप लावलं आणि नंतर तिकडे फिरकले नाहीत. यादीत ते एक क्रमांक म्हणून आलं होतं. क्रमांक म्हणूनच त्यांनी त्याला पत्र लिहिलं होतं.

"अरू, बस की," घर म्हणालं. "उभा का?"

डुबल बसले.

"पाकीट मी फोडलं नाही. अक्षर तुझं दिसलं. म्हटलं, घरचंच काहीतरी असेल, निवांत ऐकू. आज सगळी निघाली, म्हणून माझंही निघणं झालं." दाराच्या फटीतून पिवळं पाकीट पुढे आलं. "वाच."

कुंदाताईंनी वही मिटली आणि दुसरीकडे पाहू लागल्या.

डुबलांनी पाकीट फोडलं. वाचायचं टाळता आलं असतं. बाकीच्यांपुढे त्यांनी नुसतं सांगितलं होतं. पण घर वाट बघत होतं. त्यांनी वाचलं : "नमस्कार. मी तुमच्या घरावरून नेहमी जातो. दरवेळी दोन मिनिटं थांबतो."

ते थांबले.

"पुढं?" घर म्हणालं.

"घर बंद पाहून वाईट वाटतं. विकायचा विचार असेल तर मला कळवा. मी नीट सांभाळीन. आपला, अरविंद."

मैदानात आता कुणी नव्हतं. पिसाळही गेले होते.

"चांगलं लिहिलंयस," घर म्हणालं. "र अजून तसाच काढतोस. चुलीमागच्या भिंतीवर आहे तसा. तुझ्या बाबांनी तेवढी भिंत रंगवू दिली नाही कधी."

डुबलांनी वही मागून घेतली. "खरं काय" या रकान्यात त्यांनी स्वतः लिहिलं, पूर्ण, आठ वर्षांचा आकडा घालून. खाली पाठवणाऱ्याची सही केली. मग कुंदाताईंनी शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथेही त्यांनी सही केली. सदतीस ओळींत तो रकाना तेवढा एकदाच भरला.

पोच फाडून त्यांनी घराच्या दारात ठेवली. घराने ती आत घेतली.

"सूर्य मावळायच्या आत पोचायला हवं," घर म्हणालं. "चार किलोमीटर आहे."

"चावी सापडेल का माहीत नाही," डुबल म्हणाले.

"मीटरच्या पेटीवर आहे. तूच ठेवलीस."

घर निघालं. कुंदाताईंनी ऑफिसला कुलूप लावलं, वही पिशवीत घातली आणि रिक्षा बोलावू का म्हणून विचारलं. डुबल नको म्हणाले. ते चालत घरामागे निघाले, पायांना सवय नसल्याने हळूहळू. कारखान्याच्या रस्त्याला लागल्यावर ते बरेच मागे पडले. तेव्हा घर रस्त्याच्या कडेला झालं आणि ते येईपर्यंत थांबलं. मग पुढच्या पुलाशी पुन्हा थांबलं. दरवेळी साधारण दोन मिनिटं लागली.