पहिले अंग, मग लकडी

घर भाड्याने देण्याआधी मालूताईंनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, नोकरीही विचारली नाही. टेबलावरचं एक लिंबू उचललं, फरशीवर सोडलं आणि म्हणाल्या, "उचल."

मी उचललं. नवीन शहरात घर शोधणारा माणूस काहीही उचलतो.

"कमरेतून नाही, गुडघ्यातून वाकतो. पाठ ठीक आहे," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. मग जाहीर केलं, "मिड-बो. वरचा मजला तुझा."

बाहेर रिक्षात माझी बायको अनघा वाट पाहत होती. "काय म्हणाल्या?"

"मिड-बो म्हणाल्या. आणि वरचा मजला दिला."

"मिड-बो म्हणजे?"

मी साताऱ्याकडचा. बदलीने रायपूरला आलेला, नव्या राजधानीतल्या एका सरकारी कचेरीत नकाशे तपासणारा. मिड-बो हा रक्तगट आहे की पोटजात, हे मला कुठून माहीत असणार?

पुढच्या आठवड्यात उलगडा झाला. तात्यापारा मोहल्ल्यातल्या त्या घराच्या बैठकीत, जिथे इतरांकडे देवादिकांच्या तसबिरी असतात, तिथे भिंतभर हॉकी स्टिका टांगलेल्या होत्या. मालूताई विद्यापीठाच्या संघात फुलबॅक होत्या, म्हणजे अगदी मागे, गोल राखायला. पुढे वीज खात्यात नोकरी केली, निवृत्त झाल्या, गुडघे दुखायला लागले, पण स्टिकांचं वेड तसंच राहिलं.

त्यांनी एक स्टिक टेबलावर पालथी ठेवली. "पाह्य. सरळ दिसते, पण सरळ नाही."

खरंच, दांड्याच्या पोटाखाली धनुष्यासारखी पोकळी होती. ही कमान सगळ्यात खोल कुठे आहे, यावर मालूताईंचं सगळं तत्त्वज्ञान उभं होतं. कमान मधोमध असली की मिड-बो. अशी स्टिक बॉल अडवायला, अंगाशी ठेवायला, नीट ढकलून पास द्यायला बरी. कमान खाली, बॉल लागतो त्या टोकाकडे सरकलेली असली की लो-बो. ती बॉल ओढून, उचलून, गोलात भिरकावणाऱ्यांची.

"आजकालचे पोट्टे व्हिडिओ पाहतात अन् लो-बो घेऊन येतात. मग बॉल अडवायले गेले की तो स्टिकवरून घसरून जाते. काहून? कारण पहिले अंग पाहायचं, मग लकडी. हे लोकं पहिले लकडी पाहतात."

"पहिले अंग, मग लकडी" हे वाक्य त्या दिवसातून इतक्या वेळा म्हणत की अनघासुद्धा साडी निवडताना म्हणायला लागली.

मैदानापुरतं असतं तर कुणाची हरकत नव्हती. पण मालूताईंनी उभी मनुष्यजात या दोन कमानींत वाटून टाकली होती. दूधवाला मिड-बो. समोरचा डॉक्टर लो-बो, "आजार अडवत नाही, उचलून दुसऱ्या डॉक्टरकडे फेकते." शेजारच्या बक्षींच्या मुलीला बघायला भिलाईहून मुलगा आला, तेव्हा बक्षीवहिनींनी कौतुकाने मालूताईंनाही बोलावलं. त्यांनी मुलाला पोह्यांची बशी पुढे सरकवताना पाहिलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "पोट्टा लो-बो आहे. पोट्टी पण लो-बो. दोघंही गोल मारायले धावतील, मग घरात मागं कोण राहीन?"

मुलाकडची मंडळी गोंधळून एकमेकांकडे बघत राहिली. लग्न झालं ते झालंच. मालूताई लग्नाला गेल्या, पोटभर जेवल्या आणि नवरीच्या कानात म्हणाल्या, "तू मागं राहायले शिक. सोपं आहे."

त्यांचे यजमान बहुतेक वेळ पडवीतल्या खुर्चीत बसलेले असत. गणिताचे शिक्षक होते. सगळा मोहल्ला, आणि खुद्द मालूताईही, त्यांना 'मास्तर' म्हणत. दोनेक वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू लुळी पडली. वाचाही अडकत होती. मी येता-जाता नमस्कार केला की डोळ्यांनी हसत. मालूताई मात्र त्यांच्याशी बोलताना आवाजही खाली आणत नसत. "मास्तर, गोळी घेतली का? तोंडात धरून नका बसू, गिळा!" मला वाटायचं, बाई जरा कडकच आहेत.

गेल्या हिवाळ्यात आमच्या कचेऱ्यांमध्ये आपसातले हॉकी सामने ठरले. शाळेत खेळलो होतो, या भांडवलावर मी नाव दिलं. संध्याकाळी उत्साहाने खाली जाऊन सांगितलं, "ताई, मी लो-बो घेणार आहे. मला गोल मारायचेत."

"तुले मारायचे आहेत. तुझ्या अंगाले विचारलं का?"

"अंगाला काय विचारायचं?"

त्यांनी कोपऱ्यातला खराटा माझ्या हातात दिला. "अंगण झाड."

चार-पाच दिवस मी कचेरीतून आलो की त्यांचं अंगण झाडत होतो. त्या पायरीवर बसून माझे हात, खांदे, पावलं बघत. रस्त्यावरून जाणारे थांबत. कुणीतरी विचारलंच, "दीदी, नया किरायेदार है क्या?"

"किरायेदार भी है, हाफबॅक भी है," मालूताई म्हणाल्या. गोल मारणाऱ्यांच्या मागची, मधल्या फळीतली माझी जागा अशी परस्पर ठरली.

रविवारी त्यांना स्कूटरवर मागे बसवून सदर बाजारात नेलं. नमुन्यासाठी घेतलेली जुनी स्टिक त्यांनी झेंड्यासारखी उभी धरली होती, त्यामुळे त्या गर्दीतही आम्हाला वाट मिळत गेली. दुकानदाराने त्यांना पाहताच स्टूल पुढे केलं आणि पंखा लावला. याचा अर्थ त्याला अनुभव होता.

मालूताई एकेक स्टिक डोळ्यासमोर आडवी धरून, एक डोळा मिटून बघत. ही डोक्याकडे जड. ही नुसता रंग. माझा जीव एका काळ्या-सोनेरी स्टिकवर जडला होता. अर्थातच लो-बो.

"दीदी, भैया को पसंद है तो..." दुकानदार म्हणाला.

"भैयाले तर बॉलिवूड पण पसंद असंन. हिरो करू का त्याले?"

शेवटी त्यांनी एक साधी, करड्या रंगाची मिड-बो माझ्या हातात ठेवली. उंची कमरेशी लावून पाहिली, मूठ आवळायला लावली, आणि तिथेच, दुकानाच्या पायरीवर, मला वाकायला लावलं. शेजारच्या दुकानात चपला घ्यायला आलेलं एक कुटुंब मुलांसकट बघत उभं राहिलं.

"आता कसं वाटून राह्यलं?"

मी खरं ते सांगितलं. "ताई, हातात काही आहे असं वाटतच नाही."

"हव," त्या म्हणाल्या. "तेच पाहिजे."

सामन्याच्या दिवशी समोरच्या संघात एक दांडगा इंजिनीयर होता. त्याच्याकडे तीच काळी-सोनेरी स्टिक होती. उत्तरार्धात आम्ही एका गोलने पुढे होतो आणि तो सुसाट माझ्या अंगावर आला. मी भीतीने गुडघ्यातून वाकलो आणि स्टिक जमिनीवर आडवी टाकली. बॉल आला आणि तिच्याशी चिकटल्यासारखा थांबला. काय करायचं सुचेना म्हणून मी तो ढकलून दिला, तर तो नेमका आमच्याच माणसाकडे गेला. लोक ओरडले. मीही ओरडलो, पण आनंदाने नाही. मांडीच्या मागे काहीतरी तटकन ओढलं गेलं होतं.

आम्ही जिंकलो. मला दोघांच्या खांद्यावरून बाहेर आणलं. मालूताई कठड्यापाशी उभ्या होत्या.

"ताई, पाहिलंत? अडवला!"

"बॉल सरळ आला होता," त्या म्हणाल्या. "सरळ बॉल कोणीही अडवते. मांडीले बर्फ लाव."

कौतुक त्यांच्या स्वभावातच नव्हतं. त्यांच्या हाताखाली शिकून पुढे राज्याकडून खेळलेली एक मुलगी पेढे घेऊन आली होती, तिलाही त्यांनी "तुझा डावा पाय अजून उशिराच येते" एवढंच ऐकवलं होतं.

डॉक्टरांनी मला आठवडाभर घरी बसवलं. एरवी कामाच्या दिवशी सकाळ-दुपार मी त्या घरात कधी नसायचो. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला कंटाळून मी लंगडत मागच्या गॅलरीत गेलो. खाली परसात ऊन होतं. मास्तर खुर्चीत बसले होते आणि त्यांच्या डाव्या हातात स्टिक होती. लहान मुलांची असते तशी, आखूड आणि हलकी. मुठीवर कापडाची पट्टी गुंडाळून ती जाड केली होती. कमानींच्या या घरात जवळजवळ सरळ, कमान नसल्यासारखी ही स्टिक मालूताईंनी कुठून शोधून आणली असेल, देव जाणे.

मालूताई समोर पाचसहा पावलांवर उभ्या होत्या. पदर खोचलेला. "मास्तर, माझ्याकडं नका पाहू. बॉलकडं पाहा." त्यांनी बॉल हळूच ढकलला.

मास्तरांनी हात हलवला. उशीर झाला. बॉल स्टिकच्या बाजूने निघून गेला आणि मागे भिंतीशी जाऊन थांबला.

"अडवला!" मालूताई ओरडल्या. "वा मास्तर! काय अडवला!"

मी कठड्याला धरून उभाच राहिलो.

मास्तरांनी मान हलवली. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागत होता. "गे... गेला. मालू. गेला."

"कुठं गेला? माझ्या डोळ्यासमोर अडवला तुम्ही. अंपायर कोण आहे, मी का तुम्ही?"

मास्तर अर्ध्या चेहऱ्याने हसले. मालूताई दुखऱ्या गुडघ्यांनी भिंतीपर्यंत गेल्या, वाकल्या, बॉल घेऊन आल्या. पुन्हा ढकलला. पुन्हा गेला. "अडवला!" पुन्हा भिंत, पुन्हा वाकणं. असं कितीतरी वेळ चाललं. दर वेळी त्या जराशा पुढे सरकत होत्या, आणि मास्तरांच्या लक्षात येऊ नये म्हणून सरकताना पदर नीट केल्यासारखं करत होत्या.

आणि मग एक बॉल थांबला. टक असा बारीक आवाज आला. स्टिकला टेकून तो तिथेच राहिला, मास्तरांच्या पावलाशी.

मी वाट पाहिली. मालूताई ओरडल्या नाहीत. वा नाही, अडवला नाही, काहीच नाही. त्या चालत खुर्चीपाशी गेल्या, जमिनीवरच बसल्या आणि मास्तरांचा उजवा हात, जो त्यांना उचलता येत नाही, तो आपल्या दोन्ही हातांत घेऊन खाली मान घालून बसून राहिल्या.

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांनी स्टिकने बॉल किंचित पुढे लोटला.

"बसली... काहून?" ते म्हणाले. "टाक."