अंगणवाडीची तीन कोटेशनं

तीन कोटेशनं आल्याशिवाय अनुजा काहीही ठरवत नसे. दोह्यातल्या एका बांधकाम कंपनीच्या खरेदी विभागात काम करून करून तिला ती सवयच जडली होती. पडदे घ्यायचे, तीन दुकानं. दातांचा डॉक्टर, तीन दवाखाने. "आपल्या लग्नाच्या वेळी बाकीची दोन कोटेशनं कुणाची होती गं?" असं श्रेयसने एकदा विचारलं, तेव्हा ती नुसतीच हसली. बिचाऱ्याला पुढे कितीतरी दिवस नीट झोप लागली नाही.

आता श्रेयसची बदली दूरच्या साइटवर झाली होती आणि तिथे बायकामुलांची सोय नव्हती. म्हणून वर्षभर अनुजा आणि साडेतीन वर्षांचा कैवल्य सिन्नर तालुक्यात, सासरी राहणार होते. घोर होता तो कैवल्यचा. त्याला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर यायचं इंग्रजीतून, आणि तेही फक्त घरात. दोह्यातच अबू हमूर भागातल्या नर्सरीत तो तोंडाला कुलूप लावून दाराशीच बसायचा. शेवटी "थोडा मोठा होऊ दे" असं गोड शब्दांत सांगून नर्सरीने त्याला परत पाठवलं. त्या दिवशी गाडीत स्टिअरिंगवर डोकं टेकून अनुजा रडली होती. गावातही पोर असंच दाराशी बसून राहिलं तर?

"सूनबाई, काळजी नको," सासरे गोविंदराव फोनवर म्हणाले. "आपल्याकडं हाकेच्या अंतरावर तीन अंगणवाड्या हायेत. वरची वाडी, मधली वाडी, खालची वाडी. मी फोन घेऊन जातो, तू व्हिडिओवर बघ."

तीन! अनुजाला हायसं वाटलं.

सकाळी दोह्यात अझीझियाच्या फ्लॅटमध्ये ती ऑफिसच्या मीटिंगसाठी ब्लेझर चढवून स्वयंपाकघरात बसली. खाली पायजमाच होता, पण तो फोनमध्ये दिसत नव्हता. वरच्या वाडीच्या अंगणवाडी सेविका शैलजाताईंना दिसला तो ब्लेझर, आणि ऐकू आले ते प्रश्न. "मुलांची क्षमता किती? पाण्याची टाकी कधी धुता? गैरहजर मुलांचा फॉलोअप कसा असतो?"

ही तपासणीची मोठी मॅडमच, असं समजून शैलजाताई पदर खोचून ताठ उभ्या राहिल्या. "मॅडम, पोरगं आलं नाही तर मी सोता घरी जाते. कडेवर घालून आणते."

अनुजा भारावून बघत राहिली. भिंतीवर ताईंनीच रंगवलेला वाघ होता, जरासा म्हशीसारखा, पण हसरा. दाराशी इवल्या चपलांची ओळ. पोरं वजनकाट्यावर अशी ऐटीत चढत होती, जणू बक्षीस घ्यायलाच निघालीत.

"अहो, ही आमची..." असं सांगायला गोविंदरावांनी तोंड उघडलं, तेवढ्यात मदतनीस बाईंनी चहा आणि बिस्किटं पुढे केली. तोंड बिस्किटाच्या कामी आलं.

त्यामुळे तपासणीची बातमी पसरली आणि दुसऱ्या दिवशी मधल्या वाडीत गोविंदराव पोचले, तर दारात रांगोळी! सरपंच धोंडीराम स्वतः हार घेऊन उभे. मॅडमच्या गळ्यात घालायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी तो फोनला घातला. दोह्यात अनुजाला नुसता झेंडू दिसू लागला.

"अहो, ऐका ना, मी कुणी..." अनुजा सांगू लागली.

"मॅडम, छपराचं आम्हाला म्हाईत हाये!" झेंडूच्या आतून धोंडीराम म्हणाले. "उद्याच काम सुरू. शब्द देतो!" टाळ्या झाल्या. पोरांनी हावभावांसह गाणं म्हटलं आणि कुणीतरी कौतुकाने फोनला कुंकूही लावलं.

"बाबा, त्यांना खरं सांगा ना!" तिसऱ्या दिवशी सकाळी अनुजा फोनवर कळवळून म्हणाली.

"सांगतो. पण गवंडी शिडीवर चढलेत. आता सांगितलं तर उतरतील की. पावसाळ्यात पोरांच्या डोक्यावर ठिबकतं गं तिथं."

"छप्पर होऊ दे," श्रेयस शर्टाची बटणं लावत म्हणाला. "पण तिसरीकडे पहिल्याच वाक्यात खरं सांग आणि खलास."

थोड्या वेळाने खालच्या वाडीत फोन लागताच अनुजा म्हणाली, "नमस्कार ताई. मी अधिकारी नाहीये."

तिथल्या सेविका सुनीतीताई समजूतदारपणे हसल्या. "अचानक तपासणीला येणारे असंच म्हणतात, मॅडम. विचारा."

"खरंच नाही हो! मी गोविंदरावांची सून."

"बरं, तसं समजू. विचारा."

तेवढ्यात कैवल्य डोळे चोळत आला आणि आईच्या मांडीवर चढला. सुनीतीताईंचा चेहरा एकदम बदलला. "अगं बाई! हे कोण? जेवलास का रे राजा?"

"नो," कैवल्य आईच्या दंडाआडून पुटपुटला. "मम्मा इज बिझी."

"पोर उपाशी, अन् तुम्ही आमच्या खिचडीची चौकशी करताय?"

पुढचे प्रश्न सुनीतीताईंनीच विचारले. हातानं जेवतो का? मातीत खेळतो का? तुम्ही दिसेनाशा झालात तर किती वेळ रडतो? अनुजा पहिलीतल्या पोरीसारखी उत्तरं देत होती. शेवटच्या प्रश्नाला मात्र तिच्या तोंडून भलतंच निघून गेलं. "तो बाहेर बोलतच नाही हो, ताई. कुणाशीच."

ताईंनी फोन गोविंदरावांकडून घेतला आणि खाली, जेवणाच्या पंगतीत, एका पोरीसमोर धरला. दोन वेण्यांची आर्या खिचडी खात होती. तिने फोनमधल्या पोराला नीट न्याहाळलं, आपल्या ताटातला एक घास उचलला आणि पडद्याला टेकवला. "घे. गरम हाय, फुंकून खा."

कैवल्यने दोह्यात फुंकर मारली. तोंड उघडलं. चावल्यासारखं केलं, गिळलं. मग स्वच्छ मराठीत म्हणाला, "अजून दे."

स्वयंपाकघरात श्रेयसच्या हातातला टाय तसाच लोंबत राहिला. अनुजाने ब्लेझरच्या बाहीने डोळे पुसले आणि खरेदी विभागाला न शोभणाऱ्या आवाजात म्हणाली, "ताई, फायनल! हीच अंगणवाडी."

"थांबा," सुनीतीताई म्हणाल्या. "तुमचं फायनल झालं, आमचं कुठं झालंय? गावाला आलात की आधी आठवडाभर बसवून बघू."

"चालेल! कैवल्यला रोज घेऊन येते."

"त्याचं नाही म्हणत हो. ते पोरगं आत्ताच रमलंय. तुम्हाला बसवून बघायचंय. मूल आत सोडून दारातनं परत जायला जमतंय का, ते."