दंतमंजन न विकणारा साळिंदर

जो सर्वांच्या मुखी वसतो, आणि तरीही कुणाच्या दारी जाऊन आपली ओळख सांगत बसत नाही, त्या नारायणाला प्रथम वंदन. संतसज्जनांच्या चरणी माथा ठेवतो. आता बाळांनो, मांडी घालून बसा. शेजाऱ्याला चिमटे काढू नका. कथा ऐका.

एका जंगलात सदोबा नावाचा साळिंदर राहत होता. तो दंतमंजन विकत असे.

बाभळीची साल, सैंधव मीठ आणि किंचित लवंग कुटून ते मंजन केलेले असे. बांबूच्या लहान डब्यांत ते भरलेले असे. सदोबा बिळाबिळाच्या तोंडाशी उभा राही आणि म्हणे, "दंतमंजन घ्या, दंतमंजन! दाढ दुखत असेल तर दोन वेळा चोळा. गुण नाही आला तर डबी परत."

ससा डबी घेई. मुंगूस डबी घेई. ज्याला नको असेल तो नको म्हणे. सदोबा पुढच्या बिळाकडे जाई. इतका मागासलेला तो काळ होता.

हे मंजन जंगलात आणले होते भारद्वाजाने. भारद्वाज हा तांबड्या डोळ्यांचा, गंभीर आवाजाचा पक्षी. त्याचे दर्शन शुभ असते, असे जाणते लोक सांगतात. त्याचे भाषण ऐकल्यास काय होते, हे मात्र त्यांनी सांगून ठेवलेले नाही. आपल्या विक्रेत्यांच्या समूहाला त्याने 'अक्षय्य दंत परिवार' असे नाव दिले होते, आणि स्वतःला 'गुरुवर्य' हे.

एके दिवशी उंबराखाली त्याने सभा भरवली. विषय होता, 'आपल्या कार्याची ओळख आत्मविश्वासाने कशी द्यावी?' आमच्या लहानपणी अशी झाडे भजनासाठी राखलेली असत. पण ते असो.

भारद्वाजाने चोच सदोबाकडे वळवली. "सांग बरे, तू काय करतोस?"

"दंतमंजन विकतो," सदोबा म्हणाला.

सभा दचकली. एका सशाने डोळे झाकून घेतले.

"विकतोस?" भारद्वाज दुःखाने म्हणाला. "अरेरे! हा शब्द तुझ्या जिभेवर आला तरी कसा? वत्सा, विकतात ते फेरीवाले. आपण जोडतो. आपण जागवतो. आपण वाटचाल घडवतो."

"पण गुरुवर्य, मी डबी देतो आणि बदल्यात कंदमुळे घेतो. त्याला काय म्हणायचे?"

"त्याला म्हणायचे, परस्परसमृद्धी."

सदोबाने ते मनात तीनदा घोकले. नामस्मरण त्याने एवढ्या मनापासून कधी केले नव्हते.

मग भारद्वाजाने पद्धत शिकवली. मान ताठ ठेवावी. काटे निम्मेच उभारावेत. पूर्ण उभारल्यास समोरचा पळतो, न उभारल्यास मोजत नाही. समोरच्याच्या डोळ्यांत तीन श्वास पाहावे. मग संथ, भारदस्त आवाजात म्हणावे, "मी मुखकमलांच्या नवजीवनाचा स्वतंत्र सहयात्री आहे."

"आणि सर्वांत मोठा नियम," भारद्वाज पुढे म्हणाला, "पाचवा प्रश्न येईपर्यंत मालाचे नाव घ्यायचे नाही. पहिल्या प्रश्नाला नाव सांगतो तो फेरीवाला. पाचव्याला सांगतो तो व्यावसायिक."

"कुणी पाच प्रश्न विचारलेच नाहीत तर?"

"तर तो जीव अजून परिपक्व झालेला नाही, असे समजावे."

सदोबा ते वाक्य पाठ करून घरी आला. त्या दिवसापासून एकही डबी खपली नाही. पण त्याची चाल फार सुधारली.

आता बाळांनो, सदोबाचे लग्नाचे वय झाले होते. ओढ्याच्या वरच्या अंगाला केरोबा नावाचा वृद्ध साळिंदर राहत होता. त्याची मुलगी सोनकी गुणी होती, आणि हसली की समोरचे चार पिवळे दात उन्हात चमकत. सदोबाने तिला एकदा पाण्यावर पाहिले होते. तेव्हापासून त्याला कंद गोड लागेनासा झाला होता. केरोबाकडून निरोप आला, "मुलाला घेऊन या. काय करतो ते त्याच्याच तोंडून ऐकू." सदोबाचा सारा जीव त्या एका भेटीत अडकला.

आई निघायची तयारी करू लागली. तेवढ्यात भारद्वाज दारात येऊन बसला. "माउली, आपण राहू द्या. पहिल्या भेटीला वरच्या मार्गदर्शकाने सोबत असावे, असा परिवाराचा नियम आहे."

"अहो, पण पोरगा मुलगी बघायला चाललाय की गिऱ्हाईक?"

"जाणत्याला दोन्ही एकच."

आईने सदोबाला बाजूला घेतले. "सदू, सरळ सांग हो तिथं. दंतमंजन विकतो म्हणावं. लाज कसली त्यात? तुझा बाप गवत विकायचा. ताठ मानेनं सांगायचा, म्हणून तर मी हो म्हटलं."

"आई, तो काळ वेगळा होता."

"काळ वेगळा असेल रे. दात तेच आहेत."

कलत्या उन्हात दोघे केरोबाच्या बिळापाशी पोचले. भारद्वाज वरच्या फांदीवर बसला. आत केरोबा गालाला पाला बांधून टेकला होता. तीन दिवसांपासून त्याची दाढ ठणकत होती आणि अर्धे तोंड सुजले होते. शेजारी त्याची थोरली बहीण, बाया आत्या, बसली होती. रीतभात तिच्या मुखी असे. सोनकी शिजवलेले सुरण घेऊन आली. केरोबाने एक घास तोंडात घातला आणि कळवळून बाहेर काढला.

सदोबाच्या काट्यांत त्या क्षणी दंतमंजनाच्या सहा डब्या होत्या.

"माफ करा हं," केरोबा एका गालाने बोलला. "तोंडाचं जरा बरं नाही. बरं, तुम्ही करता काय?"

सदोबाने मान ताठ केली. काटे निम्मे उभारले. तीन श्वास डोळ्यांत पाहिले. "काका, मी मुखकमलांच्या नवजीवनाचा स्वतंत्र सहयात्री आहे."

"अगोबाई!" आत्या म्हणाली. "म्हणजे भटजी का?"

हा दुसरा प्रश्न, सदोबाने मनात नोंदवले. "नाही आत्या. मी जीवांना त्यांच्या आतल्या तेजाशी जोडतो."

"म्हणजे डोंगरावर बसावं लागतं?" केरोबाने विचारले.

तिसरा. "नाही काका. मी दारोदारी जाऊन वाटचाल घडवतो."

"पायाला मुंग्या येत नाहीत का हो?" आत्याने कळवळून विचारले.

चौथा. आता एकच उरला. पाचवा प्रश्न आला की सारे सांगता येणार होते. डबी काढता येणार होती. दाढेचा ठणका थांबणार होता, सोनकी मिळणार होती. त्याने मोठ्या आशेने सोनकीकडे पाहिले. ती काही विचारायला पुढे झाली.

"थांब गं," आत्या म्हणाली. "मोठ्यांचं बोलणं चाललंय."

केरोबा मात्र भारावून गेला होता. त्याला एक अक्षर कळले नव्हते, आणि जे कळत नाही ते मोठे असते हे त्याला ठाऊक होते. सुजलेला गाल धरून तो म्हणाला, "एवढं भारदस्त काम! मी आयुष्यभर मुळं उकरली. मला म्हाताऱ्याला होता येईल का हो तुमच्यात सहयात्री?"

पाचवा प्रश्न आला. पण तो मालाबद्दल नव्हता.

फांदीवरून भारद्वाज क्षणात खाली उतरला. "का नाही! एकट्याने कशाला? सहकुटुंब या!" त्याने पंख पसरले, गंभीर स्वरात "हुप्, हुप्" असा घोष केला आणि केरोबा, बाया आत्या व सोनकी अशा तिघांना जागच्या जागी परिवारात घेतले. "आजपासून मी तुमचा गुरू. सदोबा, धन्य तू! पहिल्याच भेटीत तीन सहयात्री!"

सदोबाला धन्य वाटले. बोलणी उरकली होती. केरोबा खूश, गुरू खूश. सोनकीही खाली पाहून हसत होती.

"चला, आता शेवटचं विचारते," आत्या म्हणाली. "पाहुणे, गोत्र कोणतं तुमचं?"

सदोबाचा आत्मविश्वास शिगेला पोचला होता. "आत्या, दीक्षा घेतली तेव्हाच जुनं गोत्र गळून पडलं. गुरूंचं गोत्र तेच माझं गोत्र."

"आणि आमचं?"

"तुमचंही तेच, माउली," भारद्वाज अभिमानाने म्हणाला. "सारा परिवार एका गोत्राचा. हेच तर आपलं वैशिष्ट्य."

आत्याने हातातले सुरण खाली ठेवले.

"केरोबा," ती म्हणाली, "हा तर पोरीचा भाऊ झाला."

सदोबाचे निम्मे उभारलेले काटे खाली आले, आणि त्यांतून एक डबी घरंगळत सोनकीच्या पायाशी गेली.

"हे काय?" सोनकीने विचारले.

"दंतमंजन," सदोबा म्हणाला. त्याचा आवाज आता अजिबात भारदस्त नव्हता. "बाभळीच्या सालीचं. दाढ दुखत असेल तर चोळायचं. मी विकतो."

सोनकीने डबी उघडली आणि बापाच्या दाढेवर मंजन चोळले. केरोबाने डोळे मिटले. घटकाभराने उघडले. मग त्याने सुरणाचा घास घेतला, दोन्ही बाजूंनी चावला आणि गिळला.

"अरे गाढवा," तो सदोबाला मायेने म्हणाला, "हे आल्या आल्या बोलला असतास, तर दोन डब्या घेतल्या असत्या आणि मुलगी दिली असती."

"आता द्या ना, काका."

"आता कसं देऊ, बाळ? आता तू माझा मुलगा."

पुढच्या श्रावणात सोनकीने सदोबाच्या पायाला राखी बांधली. बांधताना ती त्याच्याकडे वर पाहत नव्हती. भारद्वाज त्या सोहळ्याला जातीने आला आणि म्हणाला, "पहा! ही खरी नाती!"

तात्पर्य : बाळांनो, आपला धंदा चारचौघांत कधीही साध्या शब्दांत सांगू नये. साध्या शब्दांत सांगितला की तो लोकांना कळतो. कळला की माल खपतो, दुखणे थांबते, घरात सून येते, आणि गुरूच्या सभेत मान ताठ करून बसायला कुणी उरत नाही. एवढे मोठे नुकसान कोणत्याही व्यावसायिकाने होऊ देऊ नये.

ही कथा ज्याने ऐकली त्याचे, आणि जो ऐकता ऐकता झोपला त्याचेही, कल्याण असो. घरोघरी चूल पेटती राहो, घास दोन्ही बाजूंनी चावता येवो. कष्टाचे नाव सांगताना कुणाचा आवाज न कापो. आणि ज्याच्या त्याच्या लेकीला, नारायणाच्या कृपेने, सरळ बोलणारा नवरा मिळो.