साळिंदराच्या रक्ताचा रिपोर्ट

एका जंगलात, मुलांनो, पाणवठा एकच होता, पण त्याच्याकडे उतरणाऱ्या वाटा दोन होत्या. डावीकडून नर उतरत, उजवीकडून माद्या. खाली पोचल्यावर सगळे एकाच पाण्यात तोंड घालत. मग वाटा दोन का? मी यावर बराच विचार केला आहे. उत्तर सापडले नाही. तुम्हाला सापडले तर मला कळवा.

त्या वर्षी वैशाखात खडकातली झरी आटली. तिथे एकटेच पाणी पिणारे एक साळिंदर मग पाणवठ्यावर आले. दोन वाटा फुटतात तिथे जंगलाचे चिटणीस मुंगूसराव बसत.

“नर का मादी?”

“दोन्हींतलं काहीच वाटत नाही मला,” साळिंदर म्हणाले. “लहानपणापासून नाही.”

“मग लिहू काय?”

“साळिंदर लिहा. फार तहान लागलीये.”

मुंगूसरावांनी पळसाच्या पानावर बोटभर जागा कोरी सोडली आणि साळिंदराला तिथेच थांबवले.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. अध्यक्ष वाघ होता. तो मनाने वाईट नव्हता. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा गोष्टींत वाघाला उगीच वाईट करतात.

“आपण काही मागासलेले नाही,” वाघ म्हणाला. “कुणावर अन्याय नको. शास्त्रीय पद्धतीने जाऊ.”

माकड दोन जंगले हिंडून आलेले होते. त्याने सांगितले की, प्रत्येकाच्या रक्तात थोडा नररस असतो आणि थोडा मादीरस. त्यांचे प्रमाण पाहिले की आत कोण बसले आहे ते कळते. ओढ्यातली जळूबाई रक्त चाखून थेंबांचा आकडा देते.

सगळ्यांनी आनंदाने शेपट्या आपटल्या.

“आणि तोवर पाणी?” साळिंदराने विचारले.

“रिपोर्ट आला की लगेच,” मुंगूसराव म्हणाले. “उद्या उपाशीपोटी ये.”

“तहानलेलं चालेल?”

“ते चालेल.”

जळूबाईची रीत अशी, की रक्त प्यायल्यावर ती दोन दिवस झोपायची. त्याशिवाय चव उतरत नाही, असे तिचे म्हणणे. तोवर साळिंदर ओलसर मुळ्या चघळत राहिले. तिसऱ्या दिवशी जळूबाई उठली.

“नररस सात थेंब, मादीरस पाच.”

“म्हणजे काय?” वाघाने विचारले.

“म्हणजे सात आणि पाच.”

“अहो, पण हे कमी का जास्त?”

“कुणापेक्षा?”

आजवर दुसऱ्या कुणाचे रक्त तपासायची वेळच आली नव्हती. मग ठरले, की सगळ्यांचेच तपासावे, म्हणजे नॉर्मल काय ते कळेल. जळूबाईने आपल्या बहिणींना बोलावले. सगळ्या प्यायल्या आणि सगळ्या झोपल्या. मुळ्याही आता कोरड्या पडल्या होत्या. साळिंदर चालले की काट्यांची खुळखुळ व्हायची. ती थांबली, कारण ते चालेनासे झाले.

दोन दिवसांनी मुंगूसराव पाने वाचू लागले. रानम्हशीचा नररस रेड्याहून जास्त निघाला. मोराचा सकाळी वेगळा, संध्याकाळी वेगळा. माकडाचे आकडे सात आणि पाच. माकड निमूटपणे झाडावर जाऊन बसले.

“वाघीणबाई, नररस अकरा. वाघसाहेब…” मुंगूसरावांनी पान उलटे करून पाहिले. “चार.”



“मी त्या दिवशी उपाशी होतो,” वाघ म्हणाला.

“उपाशीच यायचं होतं,” जळूबाई म्हणाली.

“मग तुमचं मोजणं चुकलंय. मी नर आहे.”

“कशावरून?”

“कशावरून म्हणजे? मला माहीत आहे. जन्मापासून माहीत आहे. असलं आतूनच कळतं, त्याला थेंब कशाला मोजायला हवेत?”

साळिंदराचा घसा इतका सुकला होता की आवाज फुटायला वेळ लागला.

“मलाही तसंच कळतं,” ते म्हणाले.

वाघाने जळूबाईकडे पाहिले. “तुम्हीच सांगा. रसाचा आणि याचा संबंध आहे का नाही?”

“असेलही, नसेलही. मी रक्ताची चव सांगते. ज्याचं रक्त, तो स्वतःला काय समजतो, ते मला अजून चवीला लागलेलं नाही.”

मला वाटते, त्या दिवशी एवढे एकच शास्त्रीय वाक्य बोलले गेले. पण माझी खात्री नाही.

“साहेब, लिहू काय?” मुंगूसरावांनी हळूच विचारले.

वाघाने मान खाली घातली. “माझं माझ्या सांगण्यावरून लिहा. साळिंदराचं… पुन्हा तपासू.”

तेव्हा वाघीण उठली. डाव्या वाटेने खाली उतरली, पाणी प्यायली आणि उजव्या वाटेने वर आली.

“पाणी तेच आहे हो,” ती नवऱ्याला म्हणाली. “चला घरी.”

साळिंदराने ते ऐकले. कसेबसे उठून ते दोन वाटांच्या मधल्या काटेरी जाळीत शिरले. तिथून दुसरे कुणी जाऊ शकले नसते. मुंगूसरावांनी अडवले नाही, कारण मधून जाणाऱ्याला अडवण्याचा नियम त्यांच्या पानांत सापडेना. साळिंदर पाण्याशी पोचले. किती वेळ पीत होते, किती थेंब प्याले, ते कुणी मोजले नाही. थोड्या वेळाने खालून काट्यांची खुळखुळ ऐकू आली.

वाघाचे पान त्याच दुपारी एका भेकराने खाल्ले, अशी नोंद आहे. साळिंदराचे पान अजून जपून ठेवलेले आहे.

तात्पर्य: आपण कोण आहोत हे सांगायला आपला शब्द पुरतो, दुसरा कोण आहे हे ठरवायला मात्र त्याचे रक्त काढावे. फक्त त्याआधी एक भेकर पाळून ठेवावे.