तुरेरावांचा पासवर्ड

एका जंगलात, मुलांनो, वीज आली होती. आली होती म्हणजे ती येत असे आणि जात असे. पण राजाने वेशीवर 'वीज आली' असा फलक लावला होता. त्यामुळे ती नसली तरी आलेलीच असे.

त्या जंगलात तुरेराव नावाचे एक रानकोंबडे राहत. तुरा लालभडक, शेपूट झोकदार, आवाज खणखणीत. सूर्य आपल्या बांगेमुळेच उगवतो, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. सूर्याला कुणी विचारलं नव्हतं.

त्यांच्या पत्नी ठिपकीबाई. त्यांनी एका जुन्या झाडाच्या ढोलीत अंडी घातली आणि त्यांच्यावर बसून राहिल्या. अशात त्यांच्या माहेराहून निरोप आला, आईला बरं नाही.

"अहो, मी आईला बघून येते. तोवर तुम्ही बसा," ठिपकीबाई म्हणाल्या.

"कशावर?"

"गप्पा मारत बसता ना, तसंच. फक्त अंड्यांवर."

"एवढंच?"

"एवढंच. मी येईपर्यंत उठू मात्र नका. गार पडली तर संपलं सगळं."

ठिपकीबाई गेल्या. तुरेराव बसले. थोड्याच वेळात त्यांच्या लक्षात आलं, की बसल्याने शेपूट चुरगळते. शिवाय बसलेल्या कोंबड्याकडे कुणी वळूनही बघत नाही. इतक्या हुशार प्राण्याने नुसती ऊब देत बसायचं? हे काम तर साधा दिवासुद्धा करील.

मग त्यांनी तसा दिवा आणला. दिवा सांभाळायला संगणक आणला. ढोलीला दार बसवलं आणि तेही संगणकालाच जोडलं. बाहेर एक कीबोर्ड टांगला. तुरेरावांनी चोचीने पासवर्ड टिपला, की आत दिवा लागे, दार आपोआप उघडे आणि तुरेरावांची ध्वनिमुद्रित बांग वाजे. मालक आले, हे चार जणांना कळायला नको का?

संगणकाबरोबर मॉनिटरही आला होता. तो बंद असला की त्याच्या काळ्या काचेत दुसरा एक कोंबडा दिसे. तुरेराव दिवसभर त्याच्याशी भांडत. काच टोचून टोचून चोच दुखायला लागली, तेव्हा त्यांनी मॉनिटर परत पाठवला. अंड्यांना कुठे काय बघायचं असतं?

मग ते निर्धास्त होऊन फिरायला गेले.

आणि वीज गेली. थोड्या वेळाने ती परतही आली. पण तुरेराव घरी येऊन बघतात, तर दाराच्या फटीतून नुसता अंधार, दिवा नाही. पासवर्ड टिपायचंही भान न राहता ते दाराला धडका देत आत शिरले. अंडी कोमट लागली. पाहुण्यांसमोर विसरलेल्या चहाइतकी कोमट.

त्यांची पाचावर धारण बसली. ते पिसं फुलवून धाडकन अंड्यांवर बसले आणि शेजारच्या चितूरकाकूंना ओरडून म्हणाले, "काकू, मुंगूसभाऊंना बोलवा! ताबडतोब!"

मुंगूसभाऊ म्हणजे जंगलातले संगणकाचे जाणकार. अंड्यांचेही जाणकार होते, पण तो विषय त्या दिवशी निघाला नाही. ते स्वतःचा मॉनिटर बगलेत मारून आले आणि तो त्यांनी संगणकाला जोडला. पडद्यावर दोनच शब्द होते: 'आपण कोण?'

"बघा," मुंगूसभाऊ म्हणाले. "वीज आल्यापासून बिचारं यंत्र तुम्हालाच विचारतंय. पासवर्ड मिळाल्याशिवाय ते दिवा लावणार नाही. आणि पडदा नाही, तर ते विचारतंय हे तुम्हाला कळणार कसं?"

"मग मी काय इथेच बसून राहू?" तुरेराव हादरले.

"छे हो! आपण त्याला विचारूच द्यायचं नाही. वीज आली, जागं झालं, की समजायचं तुरेरावच आले. पासवर्ड नको, पडदा नको, तुम्हीसुद्धा नको."

तुरेरावांना योजना पटली. विशेषतः शेवटचा भाग.

"फक्त हे बदलायचं तर एकदाच पासवर्ड टाकावा लागेल," मुंगूसभाऊ म्हणाले.

तुरेराव एकदम सावध झाले. "भाऊ, तोंड तिकडे करा."

मुंगूसभाऊंनी तोंड फिरवलं.

"डोळेही मिटा. काकू, तुम्हीसुद्धा!"

"मला मेलीला कशाला हवाय तुमचा पासवर्ड?" काकू म्हणाल्या. पण त्यांनी डोळे मिटले.

तुरेरावांनी कीबोर्डवर पंख पसरला. पासवर्ड चांगला लांबलचक होता. त्यात पणजोबांचं नाव होतं, मध्येच आकडे होते, शेवटी उद्गारचिन्ह होतं. मान वर करून इकडेतिकडे बघत त्यांनी तो एकेक अक्षर टिपला. मग मुंगूसभाऊंनी पडद्यावरच्या एका चौकोनात खूण केली आणि पासवर्डाची गरज कायमची संपली.

"आता परीक्षा," असं म्हणून मुंगूसभाऊंनी झाडाबाहेर लोंबणारी वायर उपटली आणि पुन्हा खोचली. संगणक जागा झाला. त्याने काहीही विचारलं नाही. बांग वाजली, दिवा लागला, दार सताड उघडलं.

"वा! दारसुद्धा!" तुरेराव नाचले.

"तुम्हीच आलात ना? मग दार नको का उघडायला?" मुंगूसभाऊंनी दार अदबीने लावून घेतलं आणि आपला मॉनिटर बगलेत मारला. पैशांना त्यांनी हातही लावला नाही. "शेजारधर्म आहे," ते म्हणाले आणि जाता जाता त्यांनी ढोलीकडे एकदा मायेने पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तुरेरावांनी तळ्याकाठी व्याख्यान दिलं. विषय होता, 'घरट्याची सुरक्षा: माझे प्रयोग'. "पासवर्ड कुणालाही दाखवू नका. मी तर शेजाऱ्यांना डोळे मिटायला लावले!" या वाक्याला बदकांनी टाळ्या वाजवल्या.

ते घरी परतले, तेव्हा दारात ठिपकीबाई उभ्या होत्या. आईला उतार पडला म्हणून त्या लवकर आल्या होत्या. ढोलीचं दार उघडं होतं. आत दिवा छान लागला होता आणि रिकाम्या टरफलांना अगदी योग्य ऊब मिळत होती.

कासव फौजदार सावकाश आले आणि त्यांनी सावकाश चौकशी केली.

"दार फोडलेलं दिसत नाही. काकू, तुम्ही काय ऐकलंत?"

"दुपारी यांची बांग ऐकली. मला वाटलं, आले बाई एकदाचे बसायला."

फौजदारांनी संगणकाची नोंद काढून घेतली. "इथेही तेच आहे. दुपारी तुरेराव आले. दार उघडलं. दुसरं कुणीही आलं नाही. म्हणजे अंडी तुम्हीच खाल्लीत."

"मी? अहो, मी व्याख्यान देत होतो! आणि पासवर्ड माझ्याशिवाय कुणाला ठाऊकच नाही!"

"मी तरी दुसरं काय म्हणतोय?" कासव फौजदार म्हणाले.

चौकशी करणाऱ्या समितीवर तज्ज्ञ म्हणून मुंगूसभाऊंची नेमणूक झाली. त्यांचं वजन अलीकडे थोडं वाढलं होतं.

ठिपकीबाई रडल्या, पण ओरडल्या नाहीत. "अहो, तुम्ही फक्त बसायचं होतं," एवढंच त्या म्हणाल्या.

पुढच्या विणीला त्यांनी दूरच्या करवंदीच्या जाळीत अंडी घातली आणि स्वतः बसल्या. तुरेराव चोचीत किडे घेऊन रोज तिथे जातात.

"कोण?" आतून आवाज येतो.

"अगं, मी."

"मी म्हणजे कोण?"

तुरेराव किडे खाली ठेवतात आणि पासवर्ड म्हणतात. पणजोबांचं नाव, मधले आकडे, शेवटचं उद्गारचिन्ह, सगळं बिनचूक, खणखणीत आवाजात. आता तो साऱ्या जंगलाला पाठ झाला आहे.

"चूक," आतून उत्तर येतं. "किडे तिथेच ठेवा आणि उद्या पुन्हा प्रयत्न करा."

तात्पर्य: पासवर्ड प्राणापलीकडे जपावा. कुलूप काढून टाकताना तर किल्ली कुणालाही दिसू देऊ नये.